पाटीवर मावलेलं नाव

मी पितळेची पाटी बोलतेय, पलासियातल्या एका फ्लॅटच्या दारावरची. बोलावं की नाही, याचा फार विचार केला. घरमालकाची सवय लागली आहे.

माझ्यावर कोरलंय: 'प्रा. डॉ. डी. एस. वाहुळे, डबल एम.ए., पीएच.डी., माजी विभागप्रमुख'. 'विभागप्रमुख' कारागिराने कडेला दाबून बसवला.

सरांचा प्रबंध बायबलच्या शुभवर्तमानांत येशूला दिलेल्या उपाध्यांवर. प्रत्येक पाहुण्याला ते दारातच समजावत, म्हणून मलाही पाठ आहे. सगळ्यात जुन्या शुभवर्तमानात येशू 'देवाचा पुत्र' आहे हे वाचकाला पहिल्याच ओळीत कळतं. "बहुतेक हस्तलिखितांत," सर घाईने जोडत. थोडक्यात, दारावर पाटी. कथेतल्या माणसांना मात्र पत्ता नसतो. भुतं ती उपाधी ओरडतात, तर येशू त्यांनाच गप्प करतो. शेवटी क्रुसापाशी उभा असलेला एक रोमन शिपाई ते शब्द बोलतो, आणि तेव्हाच ते खरे वाटतात.

यंदा सोसायटीने ठरवलं, सगळ्यांच्या पाट्या एका ओळीच्या. सर हादरले. कुठली पदवी ठेवायची? सगळ्या गेल्या तर आपण कोण उरतो?

"अहो, दूधवाला तुम्हाला 'तीनसौ दो' म्हणतो," मंजुळाबाई म्हणाल्या. "तेवढंच लिहा."

"थट्टा नको गं. मी विचार करतोय."

मजकूर द्यायच्या शेवटच्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर थांबले. मला वाचलं आणि बेल न वाजवताच वळले. मंजुळाबाई भाजी घेऊन जिना चढत होत्या.

"कोण पाहिजे, भाऊजी?"

"जाऊ द्या वहिनी, चुकलो. ये तो कोई बड़े साहब का घर है. मी सुभेदार खोब्रागडे, रिटायर. महूच्या आमच्या दगडूला शोधतोय."

माझ्यावरच्या 'डी.'मागे इतकी वर्षं दगडूच लपला होता. आई गेल्यापासून त्या नावाने सरांना कुणी हाक मारली नव्हती. ते आतून ऐकताच सर अनवाणीच बाहेर आले.

"दगडू! किती वाळलास बे."

सरांनी एकदा सुभेदारांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "शेवटी शिपायानेच सांगितलं," ते पुटपुटले.

"काय सांगितलं?"

"काही नाही. आत ये. चहा घेऊ."

आता दारावर 'दगडू वाहुळे' आहे. मी सरांच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली असते. मला भंगारात देऊ नका, एवढीच विनंती. टेबल आता डुगडुगत नाही.

सर मात्र रोज दार उघडून बघतात. "मंजुळा, फार उघडंबोडकं दिसतं का गं?"

"दिसू द्या. आता दारातून कुणी परत तरी जाणार नाही."