मावशींच्या हातातला नळ

“थांबा मावशी, थांबा!”

मावशींनी नळ बंद केला. पण मुलाचा आवाज फोनमधून येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. फ्लास्कमधलं पाणी खोकल्याच्या औषधासारखं गडद गुलाबी झालं होतं.

“रीडिंग?” फोनमधून परीक्षक मॅडमनी विचारलं.

“एकोणीस पूर्णांक चार, मॅडम.”

“ठीक. पुढचा नंबर घ्या.”

फोनमध्ये नुसता हात दिसत होता म्हणून बरं, नाहीतर मावशींचं तोंड सगळ्यांना दिसलं असतं. एकोणीस पूर्णांक चार! द्रावण त्यांनी स्वतः सकाळी सात वाजता तयार केलं होतं, तीनदा तपासलं होतं. तिन्ही वेळा अठरा पूर्णांक सहा. सकाळपासून अकरा मुलं झाली आणि एकही एकोणीसच्या खाली थांबलं नव्हतं. या पोरांना आज झालंय तरी काय?

साथ आली आणि आठ दिवसांत विद्यापीठाचे सगळे वर्ग पडद्यावर गेले. रसायनशास्त्राचे सर घरून शिकवू लागले. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज आता तिसऱ्या वर्षाच्या साऱ्या वर्गाला ओळखू यायचा. अडलं ते प्रॅक्टिकल. मुलांच्या घरी ब्युरेट कुठून यायची? शेवटी सरांनीच तोडगा काढला. प्रयोगशाळेत एकट्या मावशी येतील. त्या ब्युरेटमधून, म्हणजे लांब काचेच्या नळीतून, खालच्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब अल्कली सोडतील. मूल घरून फोनवर बघेल. पाण्याला पहिला रंग आला की ‘थांबा’ म्हणेल आणि नळीवरचा आकडा वाचेल. आकडा बरोबर तर गुण बरोबर.

“तुम्ही फक्त नळ सांभाळायचा, मावशी,” सरांनी बजावलं होतं. “तोंडातून शब्द नाही. परीक्षक मॅडम बाहेरच्या आहेत, कडक आहेत, आणि सगळं रेकॉर्ड होणार आहे.”

फोन लोखंडी स्टँडला चिमट्याने आवळलेला होता. कॅमेरा ब्युरेटकडे, पडदा पलीकडे. मावशींना सकाळपासून फोनची नुसती पाठ दिसत होती. माणसं सगळी त्या पाठीमागून बोलत होती.

एकवीस वर्षं मावशी या प्रयोगशाळेत होत्या. सूत्रं त्यांना येत नव्हती, रंग येत होते. नव्या मुलांना त्या सांगायच्या, “बाळाची टाच बघितलीय का कधी? तेवढाच गुलाबी. त्याच्यापुढे गेलात की पुढच्या वर्षी परत भेटू आपण.” आणि परीक्षेत एखादं घाबरलेलं पोर थेंबावर थेंब सोडत सुटलं की त्याच्या मागून जाता जाता मावशी हळूच खोकायच्या. मावशींचा खोकला साऱ्या विभागाला ठाऊक होता. सरांनाही. पण हल्ली खोकला आला की माणसं चार पावलं मागे सरतात, आणि फोनमध्ये तर तो सरळ मॅडमच्या कानात जाणार. सकाळपासून मावशींनी घसासुद्धा साफ केला नव्हता.

त्यांची नोकरी हंगामी. दर सहा महिन्यांनी नेमणुकीचं नवं पत्र निघायचं. बाकीच्या दोघा सहायकांना ‘सध्या येऊ नका’ म्हणून सांगून झालं होतं. मावशींचं पत्र सरांनी भांडून आणलं होतं. प्रॅक्टिकल चालू आहे, मला जागेवर एक हात लागतोच, असं त्यांनी वर लिहून दिलं होतं.

घरी मुलगी रोज वैतागायची. तिचं अडीच महिन्यांचं बाळ घरात, आणि आई रोज बाहेर जाऊन येते. मावशी दारातच कपडे बदलायच्या, अंघोळ करायच्या, तरी बाळाला हात लावायच्या नाहीत. अठरा दिवस झाले होते. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून त्याचं झबलं वर करून दाखवायची, हे बघ, पोट कसं सुटलंय तुझ्या नातवाचं. आज सकाळी म्हणाली, “तू गेली नाहीस तर कॉलेज बंद पडणार आहे का गं? बंदच आहे की ते!”

मावशींना हसू आलं होतं. पण चपला घालून त्या निघाल्याच.

“बारा नंबर,” मॅडम म्हणाल्या.

“नमस्कार मॅडम. नमस्कार सर. मावशी… मावशी दिसत नाहीयेत, नुसता हात दिसतोय.”

आवाज ऐकला आणि मावशींचा तोच हात जागच्या जागी थबकला. खारूताई. खरं नाव हजेरीत असेल ते असो, पहिल्या वर्षी ब्युरेट फोडून टेबलाखाली दडून बसली होती, तेव्हापासून ती खारूताईच. मागच्या वर्षी ऐन प्रॅक्टिकलला तापाने फणफणली आणि नापास झाली. ही दुसरी आणि शेवटची संधी. औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर तिला घेणार होते, पण हातात उत्तीर्ण झाल्याचा कागद हवा होता. हे तिनेच फोन करून मावशींना सांगितलं होतं, एका दमात, श्वास न घेता.

“हात दिसतोय तेवढा पुरे,” मॅडम म्हणाल्या. “तू कुठे बसली आहेस?”

“जिन्यात, मॅडम. घरात रेंज येत नाही.”

“मागे कोण उभं आहे?”

“शेजारच्या काकू. कचरा टाकायला चालल्यात.”

“त्यांना जाऊ दे आधी.”

“काकू, जा ना हो लवकर! परीक्षा चालूय माझी.”

“अगं, जातेच आहे. मला काय ते रसायन कळतंय?” लांबून आवाज आला आणि सर पटकन खाकरले. हसू दाबायला असावं.

“सुरू करा,” मॅडम म्हणाल्या.

मावशींनी नळ फिरवला. धार लागली. दहा. चौदा. सोळा.

“हळू करा, मावशी.”

मावशींनी थेंबांवर आणलं. खारूताई बरोबर ठिकाणी हळू झाली होती. मावशींना बरं वाटलं. डाव्या हाताने त्या फ्लास्क फिरवत होत्या. सतरा. अठरा. आता थेंब पडला की पाण्यात गुलाबी धागा उठायचा, वळसा घ्यायचा आणि विरायचा. अठरा पूर्णांक चार. धागा विरायला वेळ लागू लागला. जिन्यातून कुणाच्या तरी घरातलं मूल रडल्याचा आवाज आला. खारूताईचा श्वास फोनमधून ऐकू येत होता.

थेंब पडला. फ्लास्क फिरला. रंग राहिला.

बोल, मावशी मनातल्या मनात म्हणाल्या. बोल ना गं बाई. थांबा म्हण.

खारूताई गप्प. नळाच्या टोकाला पुढचा थेंब फुगायला लागला. आता तो सुटणार.

मावशींचा हात फिरला. नळ बंद झाला.



“मावशी?” खारूताई म्हणाली. “सोडा ना. अजून रंग नाही आला.”

“एक मिनिट,” मॅडम म्हणाल्या. “विद्यार्थिनीने थांबा म्हटलेलं नव्हतं. नळ कसा बंद झाला?”

मावशींना आपल्याच हाताकडे बघायचं धैर्य होईना.

“मॅडम, तो नळ जरा जुना आहे,” सर घाईघाईने म्हणाले. “अडकतो कधी कधी. काय हो मावशी?”

“सर, मी त्यांना विचारतेय. हे रेकॉर्ड होतंय, मावशी. इथे खुणेने मदत झाली असेल तर या मुलीचा पेपर गैरप्रकारात जाईल. मी ते टाळू शकणार नाही.”

“मॅडम, मी काहीच सांगितलं नव्हतं त्यांना!” खारूताईला रडू फुटलं. “शप्पथ. मला तर रंगपण दिसला नाही.”

एक शब्द म्हटला असता तर काम झालं असतं. अडकला. सरांनी तो तयार करून हातात ठेवला होता. मावशींनी तोंड उघडलं. समोर नळ होता. त्याला त्यांनी काल संध्याकाळी ग्रीस लावलं होतं, बोट लावलं की फिरत होता.

“नळाला काही झालं नाही, मॅडम. मी बंद केला.”

“का?”

“रंग आला म्हणून.”

“कुठे आलाय रंग? पाणी स्वच्छ आहे.”

“मलाही दिसत नाहीये, मावशी,” सर म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता.

मावशींनी फ्लास्क टेबलावरच्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर नीट ठेवला. मग सकाळपासून जे केलं नव्हतं ते केलं. टेबलाला वळसा घालून त्या फोनच्या पुढच्या बाजूला गेल्या आणि पडद्यात वाकून पाहिलं. चार चौकोन होते. एकात सर, एकात मॅडम, एकात जिना आणि गुडघ्यात डोकं घातलेली खारूताई. चौथ्यात त्यांचाच फ्लास्क, त्यांचीच पांढरी फरशी. त्यातलं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं. मावशींनी पडद्याच्या कडेवरून डोकं काढून टेबलाकडे पाहिलं. गुलाबी. पुन्हा पडद्यात. स्वच्छ.

अकरा मुलं, त्यांच्या मनात आलं. अकराच्या अकरा.

त्या परत जागेवर आल्या.

“मॅडम, एक विनंती होती. या फ्लास्कमध्ये मी पुढे एकेक थेंब सोडते. तुम्हाला रंग दिसला की तुम्ही थांबा म्हणा.”

“मी?”

“हो. तुमच्याइतकी नजर दुसऱ्या कुणाची असणार?”

“सोडा,” मॅडम म्हणाल्या.

मावशींनी थेंब सोडला. फ्लास्क फिरवला. दुसरा. तिसरा. मावशींच्या डोळ्यांसमोर रंग चढत चालला होता आणि फोन गप्प होता. पाचवा, सहावा. त्यांनी कोपर टेबलाला टेकवलं. दहावा. पाणी चांगलंच गुलाबी झालं. तेरावा.

“थांबा!”

मावशी थांबल्या. त्यांनी ब्युरेटमागे पांढरा कागद धरला. “आकडा वाचता का, मॅडम?”



“एकोणीस पूर्णांक तीन,” मॅडम म्हणाल्या.

“द्रावण अठरा पूर्णांक सहाचं आहे. मी बनवलंय. सरांकडे नोंद आहे.”

“सर?”

“अठरा पूर्णांक सहा,” सर म्हणाले. “बरोबर आहे. मी काल कॅमेरा तपासला होता मॅडम, पण… रंग गडद झाल्यावरच बघितला. दिसतोय म्हटलं आणि पुढे गेलो.”

“म्हणजे सकाळपासून मी अकरा जणांचे गुण कापले.”

खारूताईने नाक ओढलं.

“हे असं चालणार नाही,” मॅडम शेवटी म्हणाल्या. आवाज तसाच कडक होता, पण आता त्याची धार दुसरीकडे वळली होती. “आजची परीक्षा रद्द. उद्या सगळ्यांना तयार आकडे द्या, मुलं त्यावरून गणित करतील. पडद्यावर प्रयोग नको. पुढच्या वर्गांनाही नको, मी अहवालात लिहिते.” मग म्हणाल्या, “बारा नंबर, तुझ्या नावापुढे मी काहीही लिहीत नाही. डोळे पूस. गणित येतं ना?”

“येतं, मॅडम.”

“मग झालं तर.”

“पण मावशी…” खारूताई म्हणाली. तेवढ्यात तिचा आवाज तुटला.

पाच मिनिटांनी सरांचा फोन आला. मावशी तेव्हा फ्लास्क विसळत होत्या.

“मी म्हटलं होतं ना हो तुम्हाला, अडकला म्हणा. मुलीचा परत एक प्रयत्न घेतला असता, झालं असतं.”

“आणि आधीचे अकरा?”



“तुमच्या पत्राला मी प्रॅक्टिकलचं कारण दिलं होतं,” सर म्हणाले. “आता अहवाल गेला की वरून विचारतील, प्रयोगच नाही तर माणूस कशाला?”

“विचारणारच की.”

“मी बोलून बघतो.”

“बघा.” मावशींनी ओला हात पदराला पुसला. “किल्ली पहारेकऱ्याकडे देऊन जाऊ का, सर?”

“हो… म्हणजे, सध्या तरी.”

“बरं.”

फोन ठेवून त्यांनी कपाट उघडलं. चाळीस ब्युरेट होत्या. काचेचा नळ फार दिवस बंद राहिला की जागीच चिकटून बसतो, आणि मग कुणी जोर केला की मोडतो. त्यांनी कोऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या फाडल्या. एकेक ब्युरेट काढायची, आतून दोनदा पाणी फिरवायचं, निथळू द्यायचं, नळाची कळ ओढून काढायची, पुसायची, पट्टी गुंडाळून परत बसवायची. कुठल्याही पोराने पुढे कधीही उघडली तरी कागद ओढला की नळ सुटला पाहिजे.

खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. मुलीचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि म्हणाल्या, “येते गं. थोडंसंच राहिलंय.”

चाळिसावा नळ त्यांनी रिकामाच एकदा फिरवून पाहिला. हलका फिरत होता. मग त्यात कागद घातला, ब्युरेट रांगेत उलटी उभी केली आणि कपाट लावलं.