शिशाच्या मातीतला मका

"ही बुरशी म्हणजे पावावर येते तसलीच का?" भट्टीकाकांनी विचारलं.

मातीपरीक्षक बाई परसात गुडघे टेकून बसल्या होत्या. एक ओळ सोडून एका ओळीच्या प्रत्येक खळग्यात चिमूटभर काळपट रेती टाकायच्या आणि तिच्यावर मक्याचा दाणा. बुरशी त्या रेतीत होती. ही वेगळी, त्या म्हणाल्या. ही मुळांत घर करते, केसाहून बारीक तंतू लांबवर पसरून झाडाला पाणी आणि अन्न आणून देते. मातीतलं शिसं बरंचसं मुळांपाशीच धरून ठेवते, दाण्यापर्यंत फारसं पोचू देत नाही.

"म्हणजे उंबऱ्यावरच अडवते," काका म्हणाले. "आमची ही तशीच होती. कामावरचे कपडे बाहेर उतरवल्याशिवाय घरात पाऊल टाकू द्यायची नाही."

काकांचा जन्म शिसं वितळवण्याच्या भट्टीपुढे गेला होता. बायको गेली, मग कारखाना बंद पडला. पुढे मातीत विष निघालं आणि गल्ली घराघराने रिकामी झाली. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. नात झाल्यापासून तिने इकडे यायचं सोडलं होतं. काकांचा पाय मात्र तिथून निघत नव्हता. बाईंनी प्रयोगासाठी परसाचा तुकडा मागितला, तेव्हा पुरतं ऐकून न घेताच त्यांनी होकार दिला. तेवढंच कोणी येईल-जाईल.

बुरशीशिवाय पेरलेल्या ओळी गुडघ्याएवढ्या होऊन पिवळ्या पडल्या. शेजारच्या ओळी काकांच्या डोक्यावरून गेल्या. बाई नमुने न्यायला आल्या की चहा घ्यायच्या. त्या गेल्या की काका मक्याशी बोलायचे. तो निदान मधे तोंड घालत नसे.

पहिल्या कणसांचा अहवाल आला. दाणा खाण्याजोगा होता. माती मात्र तशीच होती, हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. शिसं नाहीसं होत नाही. लहान मुलांना इथे खेळू देऊ नका.

काकांनी कोवळी कणसं धुऊन पुसून पिशवीत भरली आणि बसने लेकीकडे गेले. नात झोपली होती. त्यांनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं, बुरशी, मुळं, अहवाल. जरा जास्तच सांगितलं. लेकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाबा, ती तिथे आली की मातीत हात घालणारच. मी काय तिला सारखी कडेवर घेऊन बसू?"

काकांनी मान डोलावली. तुम्हीच इकडे या राहायला, असं लेक म्हणाली, तर ते "बघू" म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ दोघांनाही ठाऊक होता.

कणसांची पिशवी काकांनी तशीच परत उचलली. नातीपाशी जावयाला बसवून लेक थांब्यापर्यंत आली. बसचा पत्ता नव्हता. मग तिने त्यांच्या पिशवीत हात घातला, एक कणीस काढलं, सोललं आणि तिथेच उभ्याउभ्या कच्चंच खायला लागली. काका रस्त्याकडे बघत राहिले.

बस आली. ते चढले आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. तिला हात हलवता आला नाही. दोन्ही हातांत धरलेलं कणीस अजून संपायचं होतं.