रोझलिनचे अडतीस गुण

मित्रांनो, मी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका गावच्या शाळेतला जुना टेपरेकॉर्डर आहे. माझी उमेदीची सारी वर्षे फ्रेंचच्या वर्गात गेली. मुलांची तोंडी परीक्षा मी टिपून घ्यायचो. फ्रेंच शिकवणाऱ्या फ्रीसेनबाई सप्टेंबरमध्ये, वर्ष सुरू होतानाच, परीक्षांची आखणी करत. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे, चारींना सारखे गुण. तेव्हा माझी फार वाहवा होई.

मग नवे मुख्याध्यापक कोवालचुक आले. अठ्ठावीस मुलांचे बोलणे एकेक करून ऐकायला वेळ कुठून आणायचा, असे त्यांनी विचारले. बाई दोन वर्षे भांडल्या, तिसऱ्या वर्षी थकल्या. सगळे गुण लेखी पेपरला गेले. बाई मात्र सवयीने मुलांचा आवाज टिपत राहिल्या. मी ऐकत होतो, पण गुणपत्रकात एक आकडाही लिहू शकत नव्हतो. याचा मला किती संताप येई!

त्या वर्षी नववीत रोझलिन देजार्ले होती. घरी आजीशी ती फ्रेंचच बोले. माझ्यासमोर तिने आजीबरोबर बर्फात लावलेल्या सशांच्या फासांची हकिगत सांगितली. एकदाही अडखळली नाही. लेखी पेपरात मात्र स्पेलिंगने घात केला. शंभरात अडतीस गुण, पास व्हायला पन्नास लागत. नापास.

आजी शाळेत आली. बाईंनी रोझलिनची टेप लावून मला सुरू केले. सगळे शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"छान बोलते," कोवालचुक म्हणाले. "पण आखणीत बोलण्याला गुणच नाहीत, तर देऊ कुठून?"

"आखणी कुणी केली?" आजीने विचारले.

"मीच केली, आजी," बाई म्हणाल्या. "चुकीची आहे हे कळत असून केली."

निकाल बदलला नाही. पुढच्या वर्षी बाईंनी तोंडी परीक्षेचे दिवस सर्वांत आधी राखून ठेवले आणि सही होईपर्यंत मुख्याध्यापकांच्या दारातून हलल्या नाहीत. पण रोझलिनने फ्रेंच सोडून सुतारकाम घेतले होते. बाई तिला बोलवायला गेल्या.

"नको बाई," ती म्हणाली. "मला फ्रेंच येत नाही."

हे तिने फ्रेंचमध्येच सांगितले, असे बाई दुसऱ्या शिक्षिकेला सांगत होत्या. मी ते कपाटातून ऐकले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण मोठे होऊन कुणाची परीक्षा आखाल, तेव्हा त्याचे ऐकून घ्यायचा दिवस आधी राखून ठेवा. मागाहून राखला, तर ज्याच्यासाठी राखायचा ते मूल तोवर उठून गेलेले असते.