चार्मोनियम कुणीकडं गेलं

छबुआत्यानं लॅपटॉपच्या मागं जाऊन पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, त्यामुळे तिचा संशय वाढला. भावाची पोर दोन वर्षं नेमकं काय मोजतेय, हे कळल्याशिवाय आज ती शेळ्या सोडणार नव्हती. दावणीला शेळ्यांनी गोंधळ मांडला होता.

"सत्यशीला, कशाला लपवतीस?"

"लपवत नाही गं. चार वाजता माझ्या गाईड सरांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचंय. पटलं तर माझा शोधनिबंध छापायला जाईल, नाहीतर दोन वर्षं पाण्यात."

"हाय काय पण ते?"

सत्यशीलानं सोपं करून सांगितलं. शिशाच्या अणूंची केंद्रकं एकमेकांवर आदळवतात, जराशी तिरपी. हजारो कण उधळतात, पण सगळीकडं सारखे नाही. एका अंगाला जास्त. त्यांत चार्मोनियम नावाचा एक जड कण. जन्मला की लगेच त्याचे दोन तुकडे. तो गर्दीबरोबर जातो की स्वतःच्या वाटेनं, एवढंच शोधायचं.

"मग?"

"गर्दीबरोबर. अगदी स्पष्ट दिसतंय."

आत्यानं डोळे बारीक केले. इतकं स्पष्ट तिला आजवर फक्त शेळ्यांचे दलाल सांगत आले होते.

"गर्दी कुणीकडं गेली, हे कशावरून ठरवलं?"

"बाकीच्या कणांवरून."

"पाणवठ्यावर दोन कळप भिडले तवा दुसऱ्या कळपाचा बिभीषण बी तेच म्हणला. म्हणं, ही शेळी माझ्या कळपासंगं चालली, म्हणून माझी. अन् कळप कुणीकडं चाललाय ते बघताना तिलाबी कळपातच मोजतोय! म्हणलं, आधी तिला बाजूला काढ, मग बोल." आत्या खाटेवर टेकली. "तू काढलेस का ते तुकडे?"

"काढलेत की."

तरी सत्यशीलानं प्रोग्राम उघडला. ओळींवरून सरकणारं बोट एका जागी थांबलं. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा झाल्यावरही तसाच धरून ठेवला.

गर्दीची दिशा ठरवणाऱ्या कणांच्या यादीत ते दोन्ही तुकडे होते. ते वगळून तिनं सगळं पुन्हा चालवलं. चार्मोनियम गर्दीबरोबर जातं असं दाखवणारा आलेखातला उंचवटा बसला तो बसलाच.

चारला सर पडद्यावर आले.

"सर, चूक सापडलीय. गर्दीची दिशा ठरवताना चार्मोनियमचे तुकडेही त्यातच धरले गेलेत."

कुठं, किती, सरांनी काहीच विचारलं नाही. आवाज गेला असावा म्हणून सत्यशीलानं वायर हलवून पाहिली.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?" सर म्हणाले.

आत्यानं पदर सारखा केला आणि पडद्यासमोर येऊन बसली.

"रामराम सर. तुमाला कवापासून ठावं हाय?"