पेशीत शिरलो, पिशवीत अडकलो

मी एक पेप्टाइड. अमिनो आम्लांची इवलीशी साखळी. यंत्रात घडलो आणि चिमूटभर पांढरी भुकटी होऊन, बर्फाच्या डब्यातून संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत आलो.

तिथं मी प्रांजलीच्या हाती पडलो. ती फर्दापूरकडच्या मेंढपाळ घरातली. तिचा थोरला भाऊ रामेश्वर मेंढरं राखायचा, लोकर कातरायचा. पुढं त्याला स्नायूंचा आनुवंशिक आजार जडला. कातर मुठीत धरली की बोटं लवकर उघडेनात. त्याच्या पेशींत एक बिघडलेला संदेश सारखा तयार होतो. त्याला गप्प करणारं न्यूक्लिक आम्लाचं औषध प्रांजलीकडे होतं, पण पेशी ते आत घेईना. ते पाठीवर घेऊन आत जायचं, हे माझं काम.

डॉक्टरांनी रामेश्वरच्या दंडातून काढलेल्या पेशी तिनं वाढवल्या होत्या. मी त्यांत शिरलो. शिरलो कसला, पेशीनं मला एका पिशवीत गुंडाळून गिळलं. औषध पाठीवर, काम समोर आणि मी कोंडलेला. मला लावलेला चमकता रंग सूक्ष्मदर्शकात पेशीभर पसरायला हवा होता, पण तो पिशव्यांतच अडकून नुसते ठिपके दिसायचे.

"पुन्हा ठिपकेच," प्रांजली म्हणायची आणि खुर्ची मागं सारायची. चीड मलाही यायची. दार उघडून आत घ्यायचं आणि ओसरीतच डांबायचं, ही कसली रीत?

पिशवी फोडता यावी म्हणून तिनं साखळीतले दुवे बदलून मला नव्यानं घडवून घेतलं. ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहर चहूकडं वाढत होतं, नळाला पाणी नव्हतं. नव्या जलवाहिनीसाठी खोदताना विजेची केबल तुटली. उबेच्या कपाटातल्या पेशी थंड पडून मेल्या. एवढ्या खटपटीनं घडलेला मी, आणि शिरायला पेशीच नाहीत.

रामेश्वर पुन्हा दंडातला मांसाचा तुकडा द्यायला आला. पट्टी बांधल्यावर प्रयोगशाळेत टेकला.

"प्रांजे, डबीत माझंच मांस हाय. मग ते औषध मलाच टोच की."

"दादा, ते माणसाला द्यायचं औषध नाय अजून. रक्तात गेलं तर तुकडे होतील त्याचे. वर तुला काय अपाय होईल, तेही ठाऊक नाय."

"लई वर्षं झाली, बाई."

तिनं डबी उचलून उबेच्या कपाटात ठेवली.

त्या नव्या पेशींत मी पुन्हा गेलो. या खेपेला थोड्याशा पेशींत पिशवी फुटली, रंग पसरला. बाकी सगळीकडं ठिपके. प्रांजली हसली नाही, रडलीही नाही. तिनं भावाला फोन लावला.

आता मी बाटलीच्या तळाशी उरलोय, गोठलेला. मला चमत्कार म्हणू नका, टाकूनही देऊ नका, एवढंच मागणं. त्या फोनवरचं बोलणं मात्र मी ऐकलं होतं.

"आता टोचता येतंय का?"

"नाय, दादा."

पलीकडून मेंढरांचा आवाज आला.

"बरं," रामेश्वर म्हणाला. "आणखी मांस लागलं तर सांग. दुसरा दंड हाय अजून."