वर्नाची भोपळ्याची बीअर

मे महिन्यात वर्नाला अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून ती उठली तेव्हा तिच्या तोंडात एकच शब्द शिल्लक होता. बुधवार. भूक लागली की बुधवार, नवऱ्याला हाक मारायची तरी बुधवार, अंगणात शिरलेल्या कुत्र्याला हाकलायचं तरी बुधवार. हाच शब्द का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. डोकं मात्र शाबूत होतं. टीव्हीवरचा विनोद तिला ऑरिनच्या आधी कळायचा. पण उजवा हात लुळा पडला होता आणि डाव्यानं लिहायला गेली की नुसत्या रेघोट्या उमटायच्या. हो म्हणायला मान हलवावी तर ती नाही अशी हलायची, मग बाई स्वतःवरच भडकायची.

ऑरिन टॅट्रो हा तिचा नवरा. गावातल्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची नोकरीची सगळी वर्षं गेली. माणूस मुळातच अबोल. घरात बोलायचं खातं वर्नाकडे होतं, आणि बीअरचंही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या त्या कोपऱ्यात हरणांच्या शिकारीचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. त्याच्या आदल्या दुपारी अर्धं गाव टॅट्रोंच्या कोठारात जमायचं, ते तिच्या भोपळ्याच्या बीअरसाठी. जव भिजवण्यापासून सगळं ती स्वतः करायची. ऑरिन बादल्या उचलायचा, बाटल्या विसळायचा आणि आपलं लक्ष रेडिओवरच्या सामन्याकडे ठेवायचा. इतकी वर्षं तो त्या स्वयंपाकघरात उभा होता, पण ती काय घालते, कधी घालते, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

पानं पिवळी व्हायला लागली तसा शेजारचा रोलंड म्हणाला, “या वर्षी दुकानातली आणू रे. कोणी नावं ठेवणार नाही.”

“दुकानातली कशाला? वर्ना आहे ना घरात,” ऑरिन म्हणाला.

तिच्यासारखं जवापासून करणं आपल्याला झेपणार नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणून त्यानं शहरातून घरी बीअर करायचा तयार संच आणला. खोक्यात माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, घट्ट पाकाचा डबा होता, कडवटपणासाठी हॉप्सच्या वाळक्या फुलांची पुडी होती, यीस्ट होतं, आणि झाकणाला आतली हवा बाहेर जायची नळी लावलेली मोठी प्लास्टिकची बादली होती. रोलंडनं चष्मा लावून कृतीचा कागद वाचला.

“यात भोपळ्याचं नावच नाही.”

“भोपळा आपण घालायचा.”

“कधी?”

“मध्येच केव्हातरी,” असं म्हणून ऑरिननं वर्नाकडे पाहिलं. ती खिडकीपाशी आपल्या खुर्चीत ताठ बसली होती. “ती सांगेल.”

ती सांगतच होती, त्याबद्दल तक्रार नको. ऑरिननं बाजारातून आणलेला टोपलीएवढा भोपळा टेबलावर ठेवला तेव्हाच तिनं कपाळावर हात मारून घेतला. “बुधवार!” मग डाव्या हाताची मूठ वळून त्याच्यापुढे नाचवली. लहान आण रे बाबा, लहान आणि गोड. हा तर हॅलोविनला मुलांनी नाक-डोळे कोरून आत दिवा लावायचा पाणचट भोपळा. ऑरिनला वाटलं, ती म्हणतेय घाव घाल. त्यानं सुरी उचलली.

भोपळा ओव्हनमध्ये भाजला, गर काढला. माल्टचा पाक पाण्यात उकळायला ठेवला. घरभर दालचिनी आणि जायफळाचा वास सुटला, आणि वर्ना काठी टेकत चुलीपाशी येऊन उभी राहिली. ऑरिननं लवंगा हातावर घेतल्या.

“एवढ्या पुरे?”

तिची मान हो म्हणाली. मग नाही म्हणाली. मग तिनं डोळे घट्ट मिटले आणि हळू, जपून, पुन्हा हलवली. या वेळी ती कुठल्या बाजूला गेली, ते दोघांनाही कळलं नाही. ऑरिननं सगळ्या लवंगा टाकल्या.

पातेलं निवल्यावर सगळं बादलीत ओतायची वेळ आली. वर्नानं खण उघडून विरळ विणीची कापडी पिशवी काढली आणि त्याच्या खांद्यावर आपटली. “बुधवार, बुधवार!” गर यात बांधून घाल, मोकळा नको.

“हो गं, पुसतो,” ऑरिन म्हणाला. पिशवीनं त्यानं टेबलावर सांडलेलं पुसून घेतलं, आणि गर तसाच्या तसा बादलीत लोटला.

दोन दिवसांनी यीस्टनं आंबून तो गर फुगून वर आला आणि झाकणाच्या नळीत जाऊन बसला. आतली हवा कोंडली. सकाळी दोघं कॉफी घेत असताना धाडकन आवाज झाला, झाकण छताला लागलं, आणि भिंती, पडदे, वर्नाचे नुकते धुतलेले केस, सगळं भगव्या चिखलानं माखलं. वर्ना ओरडायला लागली. तोच शब्द, पुन्हा पुन्हा, एकेक बोट मोजून दाखवत. ऑरिनच्या भुवईवरून गर ओघळत होता.

“मग बोल ना!” तो एकदम गरजला. “काय ते नीट बोल! मला कसं कळणार?”

तिचा हात हवेतच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाचा चढलेला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ऑरिननं ओलं फडकं आणलं, तिच्या खुर्चीमागे उभा राहून तिचे केस पुसू लागला. फडकं फिरवता फिरवता त्याचे खांदे हलत होते. वर्ना भिंतीकडे बघत बसली. तिनं त्याला थांबवलं नाही, की जवळही घेतलं नाही.

बादलीत अर्ध्याहून जास्त बीअर शिल्लक होती. ती गाळून ठेवली, आणि शिकारीचा मोसम तोंडावर आला म्हणून ऑरिननं घाईनं बाटल्या भरायला घेतल्या. तेव्हा वर्ना काचेची एक बारीक कांडी घेऊन आली. ही कांडी बीअरमध्ये सोडली की तरंगते आणि आतली साखर संपली की नाही ते दाखवते. ऑरिननं ती तिच्या हातातून हलकेच काढून घेतली. “पडेल, फुटेल, मग तुला रडू येईल,” म्हणाला आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून आला.

मोसमाच्या आदल्या दुपारी लोक कोठारात जमले, डोक्यावर शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या, हातात काचेचे मग. बाटल्या तिथल्याच थंडीत ठेवलेल्या होत्या. झाकणं उघडली तर फुस्स असा आवाजसुद्धा आला नाही. बीअर गोडसर, लवंगेनं जीभ बधिर करणारी, आणि वर फेसाचा पत्ता नाही. सगळे कौतुक करत होते. “वा, ऑरिन!” “अगदी वर्नाच्या हातची!” रोलंड कोठारामागे गेला आणि हातातला मग तिथे ओतून आला. ऑरिननं ते पाहिलं.

वर्नानं एक घोट घेतला आणि हातातला मग खाली ठेवला. ती बोलू लागली. आधी हळू, मग सपाट्यानं. डाव्या हाताच्या मुठीनं भोपळ्याचा आकार दाखवला, हवेत पिशवी बांधली, लवंगा चिमटीत धरून परत टाकून दिल्या, काहीतरी काचेसारखं नाजूक उभं धरून डोळ्यासमोर नेलं. शब्द एकच होता, पण चढ-उतार सगळे तिच्या जुन्या बोलण्याचे होते. लोक आदरानं ऐकत राहिले. ऑरिन तिच्यासमोर वाकून, तिच्या ओठांकडे टक लावून ऐकत होता. ती थांबली आणि त्याच्याकडे बघू लागली.

“फेस,” तो म्हणाला. “फेस नाही आला. उरलेल्या बाटल्या उबेत ठेवू, म्हणजे येईल. हेच ना?”

तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, कोण सांगणार? पण दुसऱ्या दिवशी तो खोकी उचलून तळघरात न्यायला लागला तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. त्यानं तिला प्रेमानं बाजूला केलं आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी बाटल्या रचल्या.

बर्फ पडायला लागल्यावर एका रविवारी दुपारी दोघं सूप खात होती. खालून फट् असा आवाज आला, मग काच खळखळली. थोड्या वेळानं दुसरा आला, आणि मग लागोपाठ येत गेले. बाटल्या भरताना आत साखर शिल्लक होती, आणि भट्टीच्या उबेनं यीस्ट पुन्हा जागं झालं होतं. ऑरिन खुर्ची मागे सारून उठला. वर्नानं त्याची बाही पकडली, डाव्या हातात होता नव्हता तेवढा जोर लावून. खाली काचा गोळीसारख्या उडत असणार, हे सांगायला कुठलाच शब्द लागत नव्हता.

तो खाली बसला. सूप निवत गेलं. प्रत्येक आवाजाला टेबलावरचे चमचे थरथरत होते. फरशीच्या फटींतून दालचिनी आणि लवंगांचा वास वर येत होता. सगळ्या बाटल्या संपेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली, आणि तिनं त्याची बाही सोडली नाही.