न वाजलेला खुळखुळा

मी खुळखुळा बोलतोय. लहान बाळांच्या दवाखान्यात, सिस्टरांच्या टेबलाच्या वरच्या खणात मी राहतो. आता मला कितीही हलवलंत तरी मी वाजत नाही. पण गप्प बसवत नाही, म्हणून हे बोलणं.

तसा मी जन्मापासूनच अस्वस्थ. कुणी खण उघडला, कुणी टेबलाला धक्का दिला, की माझ्या पोटात खळबळ. स्वस्थ पडून राहणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही.

मला एका सुताराने घडवलं. त्याने लाकूड कातून माझं पोट पोकळ केलं, आत सतरा वाळलेल्या बिया टाकल्या आणि तोंडावर चकती बसवून सरसाने पक्की केली. रंगाची वेळ आली तेव्हा त्याची बायको म्हणाली, "लाल दे. बाळांना लाल लगेच दिसतो." त्याने लाल दिला. दोघांनी चांगल्याच मनाने केलं. त्या लाल रंगाने पुढे केवढा घोटाळा केला, हे त्यांना कधी कळलं नाही.

खणात मला सोबत होती लोकरीच्या गोळ्याची आणि लाकडी ठोकळ्यांची. प्रत्येकाचं काम वेगळं. गोळा बाळाच्या डोळ्यांसमोरून सावकाश सरकवायचा. दोन-तीन महिन्यांचं बाळ त्याच्यामागे नजर फिरवतं. ठोकळा समोर ठेवला की सहा महिन्यांचं बाळ हात पुढे करतं. माझं काम कानांचं. बाळ आईच्या मांडीवर बसलेलं असताना पाठीमागून, त्याच्या नजरेआडून मला हळूच वाजवायचं. आवाजाच्या दिशेला मान वळली, की बाळाच्या वाढीच्या तक्त्यातल्या चौकटीत बरोबरची खूण.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने समोर बसून बाळाला गुंतवायचं, दुसऱ्याने मागून वाजवायचं. मी आलो तेव्हा दवाखान्यात दोन सिस्टर होत्या. मग थोरल्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांची खुर्ची रिकामी राहिली आणि धाकट्या सिस्टर एकट्या पडल्या. बाई मनाने फार चांगल्या. हात चोळून गरम केल्याशिवाय बाळाला शिवायच्या नाहीत. पण दाराशी चाळीस बाळं, आणि निम्मी रडणारी! मग त्यांनी आपली एक सोय काढली. स्वतःच समोर बसायचं, हात लांब करायचा आणि बाळाच्या कानाशेजारी मला वाजवायचं.

हात बाजूला असायचा, हे खरं. पण मी लाल! बाळाला डोळ्याच्या कोपऱ्यातून मी दिसायचोच. मान वळायची. कानाने वळली की डोळ्याने, हे कोण विचारणार?

"वळलं की!" सिस्टर म्हणायच्या, आणि चौकटीत खूण पडायची. माझ्या पोटातल्या सतरा बिया ओरडायच्या, अहो, नीट बघा! पण बियांचं ओरडणं म्हणजे शेवटी खुळखुळ. ती ऐकून सगळे हसायचे.

अशातच ती आली. साडेसहा महिन्यांची, गोबऱ्या गालांची. तिच्यासोबत आई आणि आजी. आई घड्याळं दुरुस्त करायची. तिच्या छोट्याशा दुकानात ती दिवसभर घड्याळं कानाला लावून बसे.

"नाव काय हिचं?" सिस्टरांनी विचारलं.

"कागदावर आहे ते राहू दे कागदावर. घरी आम्ही शहाणीच म्हणतो," आजी म्हणाली. "शेजारी भिंतीला भोकं पाडत होते, तर ही आपली गाढ झोपलेली. हिचा बाप चमचा पडला तरी घर डोक्यावर घ्यायचा!"

"सिस्टर, मला त्याचीच काळजी वाटते," आई म्हणाली. "ती पाठमोरी असली आणि मी हाक मारली, तर कळतच नाही तिला. समोर गेले की मात्र तोंडभर हसते."

"बघू या की." सिस्टरांनी मला उचललं, हात लांब केला, वाजवलं. शहाणीने मला पाहिलं आणि झटकन मान वळवली. डोळे कसे चमकले तिचे!

"वळली की! उगाच काळजी करताय."

"आमच्या सूनबाईंचं असंच," आजी म्हणाली. "चांगल्या चालणाऱ्या घड्याळातसुद्धा बिघाड शोधतील."

सगळे हसले. आईही हसली, पण तिचं लक्ष माझ्याकडेच होतं.

नवव्या महिन्यात त्या पुन्हा आल्या. शहाणी आधाराशिवाय बसत होती. ठोकळा या हातातून त्या हातात घेत होती. वजन उत्तम. सिस्टर भराभर खुणा करत गेल्या.

"पूर्वी आवाज काढायची ही," आई म्हणाली. "अगू, अगू असं. मला वाटलं, आता बाबा, दादा, मामा सुरू होईल. उलट तेही कमी झालंय."

सिस्टरांचं पेन थांबलं. बाळाला एकदा आलेली गोष्ट मागे गेली तर थांबायचं नाही, लगेच तपासायचं, असं त्यांच्याच पाठीमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"अगं, हिचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता," आजी म्हणाली. "आता गप्प बसतो का सांग!"

सिस्टरांनी मला वाजवलं. शहाणी वळली. पेन पुन्हा चालू झालं. "बघा, ऐकू तर येतंय. बोलेल सावकाश."

म्हणजे आईच्या शब्दापुढे साक्ष कुणाची मानली गेली? माझी! आणि मी खोटी साक्ष दिली होती. त्या दिवसापासून खणात मला चैन पडेना. याच महिन्यांत बाळ जे ऐकतं, तेच पुढे त्याच्या तोंडी येतं. तिच्या कानांवर काहीच पडत नव्हतं. एकेक आठवडा हातचा जात होता आणि मी टेबलाच्या खणात, तिच्या तक्त्यावर दोन खुणा करवून, आडवा पडलो होतो.

अकराव्या महिन्यात आई बोलावलेलं नसताना आली. मागोमाग धापा टाकत आजीही.

"काल तिच्या मागे पातेल्याचं झाकण पडलं," आई म्हणाली. "मी दचकले, सासूबाई दचकल्या. ही हललीसुद्धा नाही. पुन्हा बघा, सिस्टर. तुम्ही बघितल्याशिवाय मी जाणार नाही."

त्याच सकाळी एक घडलं होतं. रांगेत त्यांच्या आधी असलेल्या एका बाळाने मला हिसकावून फरशीवर आपटलं होतं. माझ्या तोंडावरची चकती एका कडेने उचकटली आणि सतराच्या सतरा बिया घरंगळत वजनकाट्याखाली गेल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. एक बाळ सुई टोचली म्हणून रडत होतं, दुसरं ते रडतंय म्हणून.

सिस्टरांनी सवयीने मला उचललं. हात लांब केला. हलवलं. माझ्यातून काहीही आलं नाही. शहाणी वळली, हसली आणि तिने माझ्याकडे हात पसरले.

"वळली की!"

"थांबा, सिस्टर. तो वाजला नाही."

"अहो, या गोंगाटात काय ऐकू येणार?"

"मला येतं. माझं काम तेच आहे. द्या इकडे." आईने मला घेतलं, घड्याळासारखं कानाला लावलं आणि हलवलं. "बंद आहे."

सिस्टरांनी मला उलटं करून पाहिलं. उचकटलेली कड त्यांच्या बोटाला लागली.

"वाजलाच नाही, तर ही वळली कशाला?" आजीने विचारलं. उत्तर आजीला आपलं आपणच कळलं, आणि ती भिंतीला धरून बाकावर बसली.

"मावशी, वजन राहू द्या, इकडे या," सिस्टर म्हणाल्या. वजन करणाऱ्या मावशी समोर बसल्या. त्यांनी लोकरीचा गोळा नाकावर धरून तोंडं वेडीवाकडी केली. शहाणी त्यांच्याकडे बघत राहिली. सिस्टरांनी तिच्या मागे जाऊन कपावर चमचा वाजवला. काही नाही. मग दोन झाकणं एकमेकांवर आपटली. खोलीतली बाकी सगळी बाळं दचकली, एकाने तर भोकाड पसरलं. शहाणी मावशींच्या नाकाकडे बघून खुदुखुदु हसत होती.

सिस्टरांनी झाकणं टेबलावर ठेवली. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोनदा सांगितलंत."

"ते नंतर बोलू," आई म्हणाली. तिने शहाणीला कडेवर घेतलं. "आत्ता कुठे जायचं ते सांगा."

सिस्टरांनी कान तपासणाऱ्या मोठ्या इस्पितळात स्वतः फोन लावला आणि दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली. मग त्यांनी जुने तक्ते काढले. थोरल्या सिस्टर गेल्यापासून एकटीने तपासलेली सगळी बाळं त्यांनी परत बोलावली, एकूण एक. त्यांतल्या आणखी एका बाळाने मान वळवली नाही.

"हा टाकून देऊ?" मावशींनी मला धरून विचारलं.

"मुळीच नको," सिस्टर म्हणाल्या.

आता माझं काम बदललंय. खणात एक नवा खुळखुळा आला आहे, बिनरंगाचा, साध्या लाकडाचा. पण आधी मला हलवतात. मी वाजत नाही. तरी बाळ वळलं, तर सिस्टर समजतात की आपला हात त्याला दिसला. त्या जागा बदलून पुन्हा सुरुवात करतात. समोर कायम मावशी. माझ्या मुकेपणाचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तरी मला स्वस्थता नाही. किती घरांत किती बाळं आवाजाला उठत नाहीत म्हणून शहाणी ठरली असतील! तुमच्याही घरात बाळ असेल. एकदा त्याच्या पाठीमागून हाक मारून बघा, अंगाला हात न लावता. ते वळलं नाही, मान धरायच्या वयात मान धरत नसेल, नजरेला नजर देत नसेल, येत असलेली गोष्ट विसरलं असेल, तर वाट बघत बसू नका, तपासून घ्या. आणि त्याच्या आईला काही खुपत असेल, तर तिच्यावर हसू नका. मी विनवतो.

गेल्या आठवड्यात शहाणी आली होती. सव्वादोन वर्षांची झाली आहे. दोन्ही कानांमागे छोटी यंत्रं, त्यांना आजीने रंगीत दोऱ्या लावल्या आहेत. एक बाई तिला ऐकायला आणि बोलायला शिकवतात. शब्द अजून मोजकेच. आजी दारातूनच म्हणाली, "शहाणे!" आणि ती पाठमोरी असूनही वळली. आजी हल्ली दिवसातून वीस वेळा असं करते म्हणे, काम नसतानाही.

सिस्टरांनी खण उघडला, तशी शहाणी पुढे झाली आणि तिने मला उचललं. हलवलं. पुन्हा जोरात हलवलं. मग अगदी आपल्या आईसारखं मला कानाला लावलं, कपाळाला आठी घातली आणि मला आईच्या हातात देत म्हणाली,

"बंद."